कुठल्या मचाणावर

लीलावतीबाईंच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायची सोय नव्हती. निघालेल्याला हटकलं की हातातलं काम बिघडतं, हा त्यांच्या सासूबाईंकडून आलेला नियम, आणि बाईंनी तो अधिकच कडक करून पुढे चालवला होता. जाणाऱ्यानं "येतो" म्हणायचं, घरच्यांनी "ये" म्हणायचं, विषय संपला. वृंदा लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं जिन्यात वाकून सारंगला "कुठे चाललायस रे?" असं विचारलं, तर सासूबाईंनी त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि मग सोडलं. त्याची बस गेली ती गेलीच. कोथरूडमध्ये हे सगळं खपून जायचं, कारण तिथे माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? बँकेत, भाजीला, नाहीतर मित्राकडे. उशीर झाला तर चार फोन केले की पत्ता लागायचा.

पण असल्या नियमांना व्हिसा लागत नाही. २०२०च्या फेब्रुवारीत लीलावतीबाई तीन महिन्यांसाठी म्हणून मुलाकडे, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टजवळच्या एका खेड्यात आल्या, आणि मार्चमध्ये जगाची दारं धडाधड बंद झाली. पुढे विमानं सुरू झाली तरी सारंगनं त्यांना पुण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटीला पाठवायचं मनावर घेतलं नाही. मुदत वाढवून घेतली, पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा देवांना दिला, आणि 'कुठे' हा शब्द त्या डच घरातूनही हद्दपार झाला.

सारंगच्या ते पथ्यावरच पडलं. कारण तो पहाटे जिथे जायचा ते ठिकाण आईला सांगण्यासारखं नव्हतं. सारंग शिकारीला जायचा.

चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या घरातला, सॉफ्टवेअरमधला मुलगा बंदूक घेऊन रानडुकरांच्या मागे लागतो हे ऐकून कुणाच्या भुवया वर गेल्या तर नवल नाही. वृंदाच्याही गेल्या होत्या. याला कारण शेजारचा ह्यूब. ह्यूब शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, उंच, ढगळ स्वेटरातला माणूस. त्या भागातल्या टेकड्यांमध्ये रानडुकरं एका रात्रीत मक्याचं शेत नांगरल्यासारखं करून जातात, आणि ती आटोक्यात ठेवायचं काम ह्यूबच्या गटाकडे होतं. एकदा तो सारंगला सहज सोबत घेऊन गेला. सारंग झाडावरच्या मचाणावर हूं की चूं न करता बसून राहिला आणि घरी येऊन म्हणाला, "वृंदा, इतका वेळ मला कुणी मीटिंगला बोलावलं नाही!" त्या एका सुखापायी त्यानं वर्षभर डच भाषेतून हरणांचे दात आणि बंदुकीचे कायदे पाठ केले, परीक्षा दिली, परवाना काढला. एवढा अभ्यास त्यानं इंजिनिअरिंगलाही केला नव्हता. गोळी मात्र तो क्वचितच झाडायचा. झाडलीच तर मांस ह्यूबच्या घरी जायचं.

आईला काय सांगायचं ते नवरा-बायकोनं मिळून ठरवलं होतं. पक्ष्यांचे फोटो. माळ्यावरचं लोखंडी कपाट म्हणजे ऑफिसचं सामान आणि खांद्यावरची लांब पिशवी म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई. एकदा बाईंनी फोटो बघायला मागितले, तेव्हा सारंगनं इंटरनेटवरून एक खंड्या उतरवून दाखवला. बाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि "छान आलाय" म्हणाल्या. वृंदा तोंड दाबून न्हाणीघरात पळाली, मनसोक्त हसली, आणि हसून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

ह्यूब शिकारीपेक्षा मचाणाविषयीच जास्त बोलायचा. डुक्कर शिकाऱ्याला मारत नाही, शिडी मारते, असं त्याचं म्हणणं. माणूस वर बसलेला असताना सहसा पडत नाही. पडतो तो चढताना नाहीतर उतरताना, थंडीनं बोटं बधीर झालेली असताना. म्हणून प्रत्येक मचाणावरून खालपर्यंत एक जाड दोर सोडलेला असे. अंगात घातलेला सुरक्षेचा पट्टा जमिनीवरच त्या दोराला अडकवायचा, मग चढायचं. पट्ट्याची कडी माणसाबरोबर वर सरकत जाते, पाय सुटला तर जागच्या जागी आवळते. बंदूक रिकामी करून वेगळ्या दोरीला बांधायची आणि आपण वर पोचल्यावर ओढून घ्यायची. आणि सगळ्यात शेवटी, टेबलावर बोट आपटत तो सांगायचा की कुठल्या मचाणावर जातोय हे कुणाला तरी कळवल्याशिवाय घर सोडायचं नाही. सारंग ते ह्यूबलाच कळवायचा. खाली उतरला की पुन्हा कळवायचा.

नोव्हेंबरात ह्यूबलाच कोरोना झाला. हॉस्पिटल टळलं, पण तो वरच्या खोलीत खोकत पडून होता आणि त्याची बायको मिआ जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून खाली येत होती. शुक्रवारी संध्याकाळी मिआनं वृंदाला फोन केला. ह्यूब बहुतेक वेळ झोपलेला असतो, फोन बघत नाही. तेव्हा सारंग गेला तर कुठल्या मचाणावर गेला हे आता तू विचारून ठेवायचंस.

"नक्की?" मिआनं विचारलं.

"नक्की," वृंदा म्हणाली. तिकडची माणसं नक्की म्हटलं की खरंच नक्की धरतात.

रात्री विचारायचं राहिलं. सारंग उशिरापर्यंत कामाच्या कॉलवर होता, मग भांडी, मग उद्याच्या कपड्यांचं काहीतरी. सकाळी विचारू, असं म्हणून वृंदा झोपली. पहाटे जिन्यावर त्याची पावलं वाजली तशी ती शाल गुंडाळून खाली धावली. सारंग दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होता. पण स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता, आणि लीलावतीबाई चहाचं आधण ठेवून चौकटीत उभ्या होत्या.

"सारंग, कु..." एवढं वृंदाच्या तोंडून निघालं, आणि बाईंनी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, एक भुवई जराशी वर. सुनांना ती भुवई कळते.

"येतो," सारंग म्हणाला.

"ये," बाई म्हणाल्या.

दार लागलं. डचमध्ये विचारता आलं असतं हे वृंदाला त्यानंतर सुचलं. तिनं वर जाऊन मेसेज टाकला, 'कुठलं मचाण?' मेसेजपुढे एकच टिक उमटली. टेकड्यांच्या मधल्या दरीत रेंज नसते हे तिला ठाऊक होतं. पण पाठवला म्हणजे आपलं काम झालं, अशी मनाची समजूत काढून ती पांघरुणात शिरली आणि तिला चांगली गाढ झोपही लागली.

सारंग एरवी ऊन अंगणात यायच्या आत परतायचा. शनिवारी पोहे असायचे, ते गरम असतानाच तो दारात हजर व्हायचा. त्या दिवशी ऊन अंगणात आलं, भिंतीवर चढलं, पोहे झाले, गार झाले. लीलावतीबाईंनी कढईवर ताट झाकलं, काढून आत बघितलं, परत झाकलं. मेसेजपुढची टिक अजून एकच होती.

"वृंदा," बाई कढईकडे बघत म्हणाल्या, "फोन लाव बघू त्याला."

फोन लागला नाही. वृंदा मागच्या अंगणात गेली आणि मिआला फोन केला. मिआनं ह्यूबला उठवलं. त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"कुठल्या मचाणावर गेलाय?"

"मला माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

ह्यूबनं खोकला आवरला, आपल्या फोनवरही त्याचा मेसेज नाही हे पाहिलं, आणि या वाऱ्याला सारंग कुठे बसेल याचा विचार करून तीन जागा सांगितल्या. फळबागेजवळची, खोलगट वाटेवरची आणि ओढ्याकाठच्या ओकच्या झाडावरची. "ओकवर गेला नसला म्हणजे मिळवली," तो म्हणाला. दर वसंतात सगळे जमून मचाणं तपासायचे, कुजलेल्या पायऱ्या बदलायचे, दोर नवे लावायचे. यंदा माणसं जमवायलाच बंदी होती, तो दिवस झाला नाही. ओकवरचा झिजलेला दोर मात्र आधीच काढून टाकला होता. "सारंगला ठाऊक असेल," ह्यूब म्हणाला, आणि जरा थांबून, "मी सांगितलं होतं ना त्याला?" हे त्यानं वृंदाला विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही.

तिनं ११२ला फोन लावला. पलीकडच्या बाईनं शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला, तिन्हींपैकी नेमकं कुठलं? वृंदाला दुसऱ्यांदा माहीत नाही म्हणावं लागलं. तोंडातल्या तोंडात ती सासूला, भुवईला आणि स्वतःला जे काय म्हणायचं ते म्हणत आत आली, तर लीलावतीबाई साडीवर जाड कोट चढवून, स्पोर्ट्स शूज घालून गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभ्या होत्या.

"मी येतेय," त्या म्हणाल्या. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा वृंदाला राहवेना. थोड्या वेळात जे दिसणार आहे ते आधी सांगितलेलं बरं.

"आई, सारंग फोटो काढायला जात नाही. शिकारीला जातो. त्याच्याकडे बंदूक आहे. आम्ही दोघं तुमच्याशी खोटं बोललो."

बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "पुढे सायकलवाला आहे," त्या म्हणाल्या. "नीट चालव."

बसलेल्या धक्क्यानं त्यांची वाचा गेली, असं वृंदाला वाटलं.

फळबागेजवळच्या मचाणाखाली गवतावरचं दहिवर जसंच्या तसं होतं, कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. खोलगट वाटेवरही कुणी नव्हतं. तिथून ओढ्याकडे पायवाट उतरते, गाडी जात नाही. दोघी चालत निघाल्या. वळणावर कुंपणाला टेकवलेली सारंगची सायकल दिसली. लीलावतीबाई चिखलातून साडी वर धरून वृंदाच्या पुढे गेल्या. घरात त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण आता त्यांनी त्या रानात अशी काही हाक मारली की झाडावरचे कावळे उठले.

"सारंगाऽऽ!"

ओढ्याच्या बाजूनं बारीकसा आवाज आला. "आई."

ओकखाली तो कुशीवर पडला होता. एक पाय भलत्याच कोनात वळलेला, ओठ निळे, चेहरा मातीच्या रंगाचा. वरच्या अंगाला शिडीची एक पायरी मधोमध मोडून दोन्ही बाजूंना लोंबत होती. अंगात पट्टा होता, आवळून बसवलेला, फक्त तो अडकवायला दोर नव्हता. एवढी एक चढण, एवढ्यापुरतं काय होतंय, असं त्याला वाटलं असणार. पिशवी आणि तिच्यातला फोन हाताच्या अंतराबाहेर पडले होते. झाडाच्या बुंध्याशी, वरून सोडलेल्या दोरीला बांधलेली बंदूक गवतात आडवी होती.

त्याला हलवायचं नाही, हे ह्यूबनं बजावलं होतं. वृंदानं स्वतःचा कोट त्याच्यावर टाकला आणि रेंज मिळेपर्यंत चढावर पळत गेली. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट सांगून ती परत आली तेव्हा बाईंचाही कोट सारंगच्या अंगावर होता. त्या ओल्या गवतात मांडी घालून बसल्या होत्या आणि त्याचे दोन्ही हात स्वतःच्या काखेत धरून ऊब देत होत्या.

"आई," सारंगचे दात वाजत होते, "मी फोटो... त्या पक्ष्यांचे..."

बंदूक त्याच्या डोक्यापासून चार हातांवर पडलेली होती.

"गप पड," बाई म्हणाल्या.

अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले. चंदेरी कागदात गुंडाळून, स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधून त्यांनी त्याला चढावरून वर नेलं. सोबत कुणाला घेता येणार नाही, हॉस्पिटलमध्येही सध्या कुणाला सोडत नाहीत, फोन करू, असं मास्कमागून सांगून ते गेले. बंदुकीसाठी पोलिस येतील, तोवर तिला हात लावू नका आणि तिला एकटी सोडूही नका, असं जाता जाता बजावलं. म्हणून मग त्या दोघी थांबल्या. ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात कधी अंडं आलं नव्हतं, त्या ओकच्या मुळावर बसून एका बंदुकीची राखण करत होत्या.

भीती ओसरली तसा वृंदाला राग आला.

"मी विचारणार होते, आई. मिआला शब्द दिला होता मी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत."

"हो."

"अपशकुन होतो म्हणे! तो इथे गारठत पडला होता, आणि आपण तिथे पोहे झाकत बसलो होतो."

लीलावतीबाईंनी बुटावरचा चिखल काडीनं काढायला सुरुवात केली. एक बूट झाला. "अपशकुनासाठी नाही बघितलं मी," त्या म्हणाल्या.

"मग कशासाठी?"

"तू विचारलं असतंस तर तो काय म्हणाला असता? फोटो काढायला, असंच म्हणाला असता ना? देवापुढे नुकता दिवा लावलाय, आणि माझं पोरगं दारात उभं राहून माझ्या तोंडावर खोटं बोलतंय. मला ते ऐकायचं नव्हतं."

वृंदा त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, फोटो काढून आलेला माणूस आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ करतो का?" बाईंनी काडी टाकून दिली. "एरवी यायचा तो सरळ टेबलाशी बसून चहा मागायचा. मधेच एखाद्या दिवशी मात्र कशाला शिवायचा नाही, माझ्याकडे बघायचा नाही. तसाच वर जायचा, आंघोळ करायचा, स्वतःचे कपडे स्वतः मशीनमध्ये टाकायचा आणि मग खाली यायचा. त्याचे बाबा स्मशानातून आले की असेच थेट आंघोळीला जायचे. मी काय ओळखणार नाही? कुठला तरी जीव याच्या हातून जातोय, एवढं मला जूनमध्येच कळलं होतं. माळ्यावरच्या कपाटात काय आहे ते समजायला मग किती वेळ लागतोय."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"काय बोलू? मारतोही, आणि सुतक पाळल्यासारखा आंघोळही करतो. राग यायचा गं मला त्याचा. आणि तो ओल्या डोक्यानं चहाला येऊन बसला की वाईटही वाटायचं. बोलले असते तर दोन्ही निघालं असतं. त्यापेक्षा आपला नियम बरा. विचारायचंच नाही."

ओढ्याचं पाणी वाहत होतं. वृंदाला आईंना खूप काही सुनवायचं होतं, पण सुनवायला गेलं की प्रत्येक वाक्य अर्ध्यातून स्वतःकडे वळत होतं. सारंगला त्या नियमामुळे खोटं बोलावं लागत नव्हतं. आईंना खोटं ऐकावं लागत नव्हतं. आणि तिला स्वतःला? त्या भुवईचा पहाटे तिला रागच आला होता असं नाही, थोडा आधारही वाटला होता. विचारलं असतं तर उत्तर लक्षात ठेवायचं, घड्याळावर नजर ठेवायची, वेळेवर हातपाय हलवायचे, हे सगळं तिच्या गळ्यात पडलं असतं. त्यापेक्षा ती झोपली होती. नियम बाईंचा, पण त्याच्या आडोशाला तिघंही सुखानं बसली होती.

"म्हणजे विचारता आलं असतं," ती म्हणाली.

"आलं असतं," बाई म्हणाल्या, आणि एवढा वेळ धरून ठेवलेलं त्यांचं तोंड एकदम वेडंवाकडं झालं. त्यांनी वृंदाची बाही मुठीत पकडली आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या. वृंदाही रडली. बंदूक गवतात होती तशीच पडून राहिली.

थोड्या वेळानं एक तरुण पोलिस बाई आली. तिनं बंदूक उघडून पाहिली, रिकामी होती. हे त्यानं व्यवस्थित केलंय, असं ती म्हणाली आणि बंदूक घेऊन गेली. वृंदानं ते मराठीत सांगितल्यावर लीलावतीबाईंनी नुसती मान हलवली.

हॉस्पिटलच्या दारात कुणी उभं करणार नव्हतं, तरी दोघी तिथेच गेल्या आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिल्या. घरी जाऊन करायचं काय? ऊन गेलं, काचांवर वाफ धरली. डॉक्टरांचा फोन आला. मांडीचं हाड मोडलंय, कमरेच्या हाडाला तडा आहे, अंग फार गार पडलं होतं पण आता धोका नाही, ऑपरेशनला घेतोय. आणखी उशीर झाला असता तर मात्र सांगता आलं नसतं, असंही ते म्हणाले. त्यानंतर एका नर्सनं व्हिडिओ कॉल लावून दिला. सारंगच्या नाकात नळी होती आणि केसांत अजून ओकचं एक पान अडकलेलं होतं.

वृंदाशी तो बोलला, म्हणजे दोघांनी एकमेकांना "बरी आहेस?" "बरा आहेस?" एवढं विचारलं. मग त्यानं आईला द्यायला सांगितलं.

"आई, मी तुला सांगणारच होतो."

"नव्हतास," लीलावतीबाई म्हणाल्या. "आता ऐक. तू मारतोस ते मला आवडत नाही. आज तुझा पाय मोडला म्हणून उद्या आवडायला लागेल असंही नाही. बरा झालास की परत जाशील, तेही मला दिसतंय. जा. पण मला न आवडणारं करायला जाशील ना, तेव्हा मला सांगून जा. मी चिडेन, बोलेन, दोन दिवस तोंड फिरवून बसेन. ते तू सोस. पण तुला शोधायला कुठे यायचं, ते मला ठाऊक पाहिजे."

सारंगचे डोळे भरून वाहायला लागले, आणि हात नळ्यांत गुंतलेले, तेव्हा निळ्या हातमोज्यातला कुणाचा तरी हात पुढे आला आणि त्याचे गाल पुसून गेला. मग पडद्यावर छत दिसलं, आणि कॉल बंद झाला.

बाईंनी फोन वृंदाला परत दिला. पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला, परत काढून पुसला.

"आणि तूही," त्या म्हणाल्या.

"मी काय?"

"तूही सांगत जा."

वृंदानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. हो म्हणून सोडून देता आलं असतं. समोरच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं.

"आई, ते मांस असतं ना, सारंगनं मारलेलं. ते ह्यूबच्या घरी जातं. मी तिथे जाऊन ते खाते. मला आवडतं."

बाजूच्या गाडीत कुणीतरी येऊन बसलं, गाडी सुरू करून निघून गेलं.

"सारंग खातो?"

"छे. तो हातसुद्धा लावत नाही. मी एकटीच."

बाईंनी आपल्या बाजूच्या काचेवरची वाफ तळहातानं पुसली आणि बाहेर हॉस्पिटलच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आजच्यापुरतं एवढं पुरे."